नम्रता नागवेकरचं गाऱ्हाणं

पाचवीत असताना नम्रता नागवेकर वर्गात बसलेली असूनही सलग तीन दिवस हजेरीपटावर गैरहजर ठरली होती. बाईंनी नाव पुकारलं की ती 'हजर' म्हणायची, पण तो शब्द शेजारच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. चौथ्या दिवशी बाईंनी घरी निरोप धाडला, पोर आजारी आहे काय म्हणून. आई, सावित्री, हातातलं काम टाकून शाळेत आली, तर नम्रता दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. बाई हसल्या, आई हसली, वर्ग तर हसलाच.

ही गोष्ट गावात पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली. पावसहून पूर्णगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, खाली समुद्र, वर कातळ, मधल्या उतारावर आंब्याची कलमं आणि चिऱ्याची घरं. एवढ्याशा गावात माणसाबद्दल एकदा ठरलं की ठरलं. नम्रता म्हणजे लाजरी, गरीब गाय, नावाप्रमाणे नम्र. तिला त्या दिवशी राग आला होता, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. लाजणाऱ्या माणसाला राग येत नाही असा लोकांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. त्याला राग येतो, तो फक्त बोलून दाखवत नाही; आणि न बोललेला राग लोणच्यासारखा मुरतो.

चोविसाव्या वर्षी तिला बघायला वेळणेश्वराकडची माणसं आली. मुलगा मुंबईत नोकरीला. मुलाच्या मामाने विचारलं, "मुंबईत राहायला आवडेल ना?" नम्रताच्या मनात उत्तर तयार होतं. मुंबई आवडत नाही, पण माणूस आवडला तर येईन, असं तिला म्हणायचं होतं. ते वाक्य ती मनात नीट लावत होती, तेवढ्यात मामा म्हणाला, "मुलीची काही हरकत दिसत नाही." त्याच वेळी मुलाची मावशी शेजारणीच्या कानात म्हणाली, "गर्विष्ठ दिसते." गप्पपणा एकच, आणि त्यातून एकाने होकार काढला, दुसरीने गर्व. मुलाच्या आईने त्यातून आणखी तिसरंच काहीतरी काढलं असावं, कारण आठ दिवसांनी नकार आला.

असे तीन-चार कार्यक्रम झाले. मग वडील गेले. धाकटा भाऊ दीपक मुंबईत कामाला लागला, डोंबिवलीत स्थिरावला, त्याचं लग्न झालं. आईचे गुडघे धरले. घर, आई आणि बारा कलमं नम्रताच्या अंगावर पडली. तिला कुणी विचारलं नाही, तिने कुणाला अडवलं नाही. दीपक सगळ्यांना सांगायचा, "ताईला लग्नच करायचं नव्हतं." तोही तिच्या गप्प बसण्यातून त्याला सोयीचं ते घेऊन गेला होता.

गावच्या वाचनालयात ती सव्विसाव्या वर्षी लागली. ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्यांची इमारत, सहा कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल. तिथे बोलायची गरज कमी, आणि जी होती ती नम्रताने चिठ्ठ्यांवर भागवली. 'पान ४२ फाटले आहे, जपून उलटावे.' 'हे पुस्तक परत करताना वाळू झाडून आणावी.' अक्षर इतकं सुरेख की लोक चिठ्ठ्यासुद्धा जपून ठेवायचे. कुणाला काय आवडतं हे ती न विचारता ओळखायची. माणूस दारात आला की त्याचं पुस्तक टेबलावर.

वाचनालयाचे अध्यक्ष गंगाराम गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण प्रेमाच्या कादंबऱ्यांशी त्यांचं वाकडं होतं. जुन्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, कापडी बांधणीच्या अशा सत्तावन्न कादंबऱ्या शेवटच्या कपाटात होत्या. ती जागा त्यांना स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी हवी होती. ते त्या काढून रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवायला सांगायचे. नम्रता मान खाली घालून ऐकायची. पुढच्या आठवड्यात कादंबऱ्या पुन्हा कपाटात, फक्त खण बदललेला. असं चार वर्षं चाललं होतं. गुरुजींना वाटायचं, आपलं वय झालं, सांगायचं राहून जातंय.

त्या सत्तावन्नांमध्ये एक 'कस्तुरीचा होकार' नावाची होती. गिरगावात छापलेली, मळकट गुलाबी पुठ्ठ्याची. कस्तुरी ही घाटावरच्या थंड हवेच्या गावातली लाजाळू शिक्षिका. तिथे पूल बांधायला माधव नावाचा इंजिनियर येतो. गैरसमज होतात, पत्रं हरवतात, आणि शेवटी स्टेशनवर तो तिला विचारतो. नम्रताने ती नऊ वेळा वाचली होती. नऊही वेळा शेवटच्या पानावर तिचं डोकं फिरलं होतं. कारण तिथे लेखकाने लिहिलं होतं, 'कस्तुरी काहीच बोलली नाही. तिच्या मौनातच होकार होता.' दोनशे पानं या मुलीच्या मनात काय काय चाललंय ते सांगायचं, आणि ऐन वेळी तिला बोलू द्यायचं नाही. नम्रता पुस्तक मिटायची आणि कपाटाचं दार जरा जोरात लावायची.

गणपती झाल्यानंतर एका दुपारी वाचनालयात आत्माराम शिवलकर आला. गावातलाच, खालच्या वाडीतला, पण तेवीस वर्षं बोटीवर इंजिनात काम केलेला, त्यामुळे नम्रताला तोंडओळखीपुरताच माहीत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आता त्याच्या आईची, तुळसाबाईंची, नजर काचबिंदूने गेली म्हणून तो कायमचा घरी आला होता. बावन्न वर्षांचा, उंच, दारातून येताना सवयीने वाकणारा. तो टेबलापाशी उभा राहिला आणि घसा खाकरला.

"एक पुस्तक हवं होतं. आईसाठी. वाचून मीच दाखवणार आहे," त्याने आधीच खुलासा केला. "नाव तिला आठवत नाही. एक कस्तुरी नावाची मुलगी आहे म्हणते."

नम्रता उठली, वहीत न बघता शेवटच्या कपाटापाशी गेली आणि पुस्तक आणून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर नदी, पूल आणि पदर सावरणारी बाई. "वर्तमानपत्र मिळेल का गुंडाळायला?" त्याने विचारलं. "खालच्या वाडीत जायचंय. वाटेत माणसं असतात."

नम्रता हसली. गावातल्या कुणी तिला हसताना पाहिलं तर ते तोंडावर हात ठेवूनच. या वेळी हात वर गेला नाही. दोन्ही हात वर्तमानपत्र शोधण्यात गुंतले होते.

पंधरा दिवसांनी तो परत आला. "आई म्हणते मी गाळून वाचतो," तो म्हणाला.

"गाळता?" नम्रताने विचारलं.

"थोडं. आईसमोर कसं वाचणार? तो तिचा हात धरतो, इथून मी थेट पुढच्या प्रकरणात जातो. तर ती म्हणते, आत्म्या, मागे फिर, हात सुटला कसा ते सांग."

मग त्याने पुस्तक उघडून खरी अडचण दाखवली. शेवटची अकरा पानं नव्हती. बांधणीपाशी वाळवीने खाल्लेला भुसा आणि कागदाचे दाते तेवढे उरले होते. नम्रताने पुस्तक हातात घेतलं. गेल्या पावसाळ्यात गुरुजींनी गठ्ठा ओल्या भिंतीला लावून ठेवला होता, तेव्हाच झालं असणार.

"दुसरी प्रत?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, स्वतःलाच नवल वाटावं अशा आवाजात, "मला पाठ आहे. मी लिहून देते. सोमवारी या."

चार दिवस दुपारी वाचनालय रिकामं असताना ती लिहीत बसली. पहिली आठ पानं जशीच्या तशी उतरली. पत्र सापडलं, कस्तुरी धावत स्टेशनवर आली, माधव गाडीच्या पायरीवर, त्याने विचारलं. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. पेन टेकवलं आणि हात थांबला. समोर त्या बघण्याच्या कार्यक्रमातला मामा आला, मावशी आली, दीपक आला. प्रत्येकाने तिच्या मौनातून आपापलं काहीतरी उचलून नेलेलं. मग तिने लिहिलं, 'कस्तुरी म्हणाली, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. पण मी शाळा सोडणार नाही. माझ्या आईला एकटी ठेवणार नाही. आणि मी गप्प असेन तेव्हा मला काय वाटतंय ते तुम्ही ठरवायचं नाही, मला विचारायचं.' त्यापुढे आणखी दोन पानं ती कस्तुरीला बोलू देत राहिली. माधवला तिने एकच वाक्य दिलं.

पानं दिल्यावर तिची पाचावर धारण बसली. आपण दुसऱ्याच्या पुस्तकात लबाडी केली, असं तिला रात्रभर वाटलं. तिसऱ्या दिवशी आत्माराम आला. "आईने बोलावलंय तुम्हाला," तो म्हणाला.

वाचनालयाला गुरुवारी सुट्टी. गुरुवारी दुपारी ती खालच्या वाडीत गेली. तुळसाबाई पडवीत आरामखुर्चीत बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, अंगाने चिमणीएवढ्या.

"कोण गो तू? विठ्ठल नागवेकराची काय? ये, जवळ ये." त्यांनी नम्रताचा हात चाचपून धरला. "हा शेवट बुकातला नाय."

नम्रता हात सोडवून घ्यायला लागली.

"मी लग्न होऊन आले ना इथे, तेव्हा ते बुक तीनदा वाचलंय. तांदळाच्या कणगीत लपवून ठेवायचे, सासऱ्याला दिसू नये म्हणून. त्यात ती बया तोंड उघडीत नाय. मला तेव्हाच राग आला होता."

"मलाही यायचा," नम्रता म्हणाली.

"मग बरं केलंस. हाच खरा शेवट. आत्म्या, पोरीला चहा ठेव."

त्यानंतर दर गुरुवारी नम्रता खालच्या वाडीत वाचायला जाऊ लागली. सत्तावन्नातली एकेक कादंबरी निघाली. ती एकही ओळ गाळायची नाही. तुळसाबाई मध्येच नायकांना शिव्या घालायच्या. आत्माराम पायरीवर बसून मासे साफ करायचा, सुतारकाम काढायचा, मोडका रेडिओ उघडून ठेवायचा, आणि ऐकायचा. नम्रताने त्याच्यात एक गोष्ट पाहिली. ती बोलताना अडली, शब्द शोधायला लागली, की बाकीची माणसं घाईने तिचं वाक्य पुरं करायची. हा करायचा नाही. हातातला कोयता तसाच धरून थांबायचा. "बोटीच्या इंजिनात इतका आवाज असतो," एकदा तो म्हणाला, "की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायची वाट बघावीच लागते. नाहीतर भलताच व्हॉल्व्ह फिरवला जातो."

आणखी एक. सगळं गाव तिला नमूताई म्हणायचं, तिच्याहून मोठीसुद्धा. आत्माराम आधी बाई म्हणायचा, मग काहीच म्हणेनासा झाला, आणि मार्गशीर्षात कधीतरी नुसतं 'नम्रता' म्हणू लागला. तुळसाबाईंनी ते ऐकलं आणि तोंड फिरवून हसल्या.

पौषातल्या एका गुरुवारी तो तिला वरच्या वाडीला चढणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीपर्यंत पोचवायला आला. कलमांना मोहोर धरला होता, वाटभर त्याचा वास. आत्माराम दोनदा थांबला, दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि पुन्हा चालू लागला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा नम्रता म्हणाली,

"मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."

तो पाखाडीच्या दगडावर बसलाच. मग म्हणाला, "मी विचारणार होतो."

"माहीत आहे. म्हणून मी आधी विचारलं."

"माझं वय बघितलंस?"

"माझंही बघितलंय. सेहेचाळीस. हो की नाही ते सांगा."

"हो," आत्माराम म्हणाला. "हो, हो."

गावात पाखाडीवरून एक माणूस जरी गेला तरी बातमी बंदरावर आधी पोचते. तिसऱ्या दिवशी ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता फिरली, आणि संध्याकाळी डोंबिवलीहून दीपकचा फोन आला.

"ताई, लोक काय काय बोलतायत. खोटं आहे ना?"

"खरं आहे."

मग तो सुरू झाला. या वयात लग्न म्हणजे हसं. तो आपल्यातला नाही. दर्यावरचा माणूस, कुठे कुठे फिरलेला. आणि आईचं कोण बघणार? हे शेवटचं त्याने तीनदा विचारलं, तेव्हा नम्रताला कळलं की आधीची कारणं नुसती वाट मोकळी करायला पाठवली होती.

"आई माझ्याबरोबर येईल," ती म्हणाली.

"मुलीच्या सासरी? आई येईल तिथे राहायला? विचार तिला."

सावित्री शेजारीच बसली होती. तिने फोन घेतला नाही आणि त्या दिवसापासून महिनाभर डोळ्यांतून पाणी काढलं. ती मुलीला नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. "मला यात ओढू नका," एवढंच म्हणायची. गंगाराम गुरुजी एकदा वाचनालयात येऊन टेबलापाशी बसले. "तू शहाणी मुलगी. वाचनालयात बायका-मुली येतात. त्यांच्यासमोर आपण काय आदर्श ठेवतो, याचा विचार कर."

"केला, गुरुजी," नम्रता म्हणाली. "म्हणूनच करतेय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. वीस वर्षांत या मुलीने त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आपण नीट ऐकलं की नाही अशी त्यांना शंका आली असावी, कारण ते आणखी काही न बोलता उठले.

शिमग्याला दीपक आला, बायको अक्षयाला घेऊन. शिमग्याला सगळेच चाकरमानी येतात, पण या वेळी तो चार दिवस आधी आला. गावातल्या चार मोठ्यांकडे जाऊन बसला, देवीचा पुजारी धाकू गुरव, त्याच्याकडेही जाऊन आला. ताईशी मात्र सरळ बोलला नाही. नम्रता त्याला वाढायची, तो जेवायचा, हात धुवायचा.

पालखी घराघरांतून फिरते तो दिवस आला. सकाळी ढोल वरच्या वाडीत शिरला. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, तुळशीपुढे पाट मांडलेला. सावित्री ओटीचं ताट घेऊन गुडघ्यावर हात दाबत उभी राहिली. पालखीला खांदा देणाऱ्या चौघांत डाव्या अंगाला आत्माराम होता. त्याच्या घराण्याचा तो मान, पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्याला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. अंगणात साठ-सत्तर माणसं. पालखी पाटावर टेकली. ओटी भरली, नारळ ठेवला. धाकू गुरव पुढे झाला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालू लागला.

"बा देवी म्हाराजा, आज नागवेकराच्या अंगणात तू आलीस, लेकरांनी तुझी सेवा केली, ती गोड मानून घे."

"होय म्हाराजा," माणसांनी साथ दिली.

"चाकरीला गेलेल्या लेकराला यश दे, कलमांना पीक दे, आल्यागेल्याची राखण कर."

"होय म्हाराजा."

धाकू गुरवाने दीपककडे एकदा पाहिलं आणि आवाज थोडा खाली घेतला. "या घरची लेक वाट चुकत असेल, तिला सुबुद्धी दे. वाडवडिलांच्या अब्रूला बट्टा लागेल असं तिच्या हातून घडू देऊ नको म्हाराजा."

या वेळी होकार अर्धामुर्धा आला. काहींनी म्हटलं, काहींनी ओठ हलवले. सगळ्यांच्या नजरा नम्रताकडे आणि मग आत्मारामकडे गेल्या. तो पालखीच्या दांड्याला हात लावून उभा होता, मान ताठ, चेहरा काळवंडलेला. देवीसमोर त्याला बोलता येत नव्हतं आणि पालखी सोडताही येत नव्हती.

नम्रता ओसरीच्या खांबापाशी होती. ती पायरी उतरली, माणसांमधून पुढे आली आणि धाकू गुरवाच्या शेजारी उभी राहिली. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. गुरवाने घालायचं, नाहीतर गावच्या मानकऱ्याने, गावकाराने. ती रीत तिलाही माहीत होती. तिने हात जोडले.

"आई देवी म्हाराजा," ती म्हणाली.

ढोलवाल्याने टिपरू खाली केलं. मागच्यांनी पुढच्यांना गप्प केलं. कारण त्या अंगणातल्या निम्म्या माणसांनी हा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"मी नम्रता विठ्ठल नागवेकर. माझी बुद्धी जागेवर आहे, ती मी मागत नाही. मी वाट चुकलेली नाही. आत्माराम शिवलकरांशी मी लग्न ठरवलंय. त्यांनी मला फितवलेलं नाही, मीच त्यांना विचारलं. हे तुझ्या पुढ्यात सांगते, म्हणजे पाखाडीवर कुजबुजायला नको. वीस वर्षं या घराची, माझ्या आईची मी काळजी घेतली, पुढेही घेईन. त्याला अब्रू म्हणत असतील तर ती माझ्याकडे आहे." ती थांबली. कुणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. "माझ्या भावाला राग आलाय. त्याचा राग कमी कर. आणि माझ्याबद्दल ज्याला जे बोलायचं ते मला ऐकू येईल असं बोलू दे. एवढंच मागणं म्हाराजा."

गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो, नाहीतर ते अधांतरी राहतं. आणि तो द्यावा की न द्यावा हे कुणालाच कळेना. दीपक पुढे यायला निघाला होता. अक्षयाने त्याच्या शर्टाची बाही धरली.

"होय म्हाराजा," सावित्री म्हणाली.

महिनाभर रडून तिचा घसा बसलेला होता, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. तिच्यामागून ओसरीवरच्या बायकांनी म्हटलं, आधी दोघी-तिघींनी, मग सगळ्यांनी. मग अंगणातल्या पुरुषांपैकी कुणीतरी. शेवटी धाकू गुरवाने डोळे मिटले आणि म्हणाला, "होय म्हाराजा. देवीने ऐकलं." गुरव झाला तरी तोही माणूस, आणि त्याला आपलं मघाचं गाऱ्हाणं सलत होतं. पालखी उचलली तेव्हा आत्मारामने आपल्या बाजूचा दांडा इतक्या जोरात उचलला की पलीकडचा ओरडला, जरा धीराने घे रे.

दीपक दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. जाताना आईच्या पाया पडला, नम्रताच्या नाही. अक्षया पडली, आणि तिने नम्रताच्या हातात आपल्या पिशवीतली सोनेरी काठाची नवीन साडी ठेवली. ती तिने मुंबईहून निघतानाच आणली होती. म्हणजे नवरा कशासाठी निघालाय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

लग्न चैत्रात झालं, रत्नागिरीला, रजिस्टर. साक्षीदार म्हणून धाकू गुरव आला, आणि न बोलावता गंगाराम गुरुजी. गुरुजींनी आहेर म्हणून पुस्तक दिलं, ते अर्थातच स्पर्धा परीक्षांचं नव्हतं. पण प्रेमाचंही नव्हतं, भाजीपाला लागवडीचं होतं. नम्रताने ते वाचलं आणि पुढे परसात वाल लावले.

राहता राहिली सावित्री. होय म्हाराजा म्हणून मोकळी झाली, पण लेकीच्या घरी राहायला जायचं म्हटलं की पाय मागे. "मुलीच्या घरचं पाणी कसं प्यायचं," म्हणायची. तिला न्यायला नम्रता गेली, आत्माराम गेला, ती हलेना. मग एके दिवशी तुळसाबाई स्वतः आल्या. डोळ्यांनी दिसत नाही, पाखाडीला ऐंशी पायऱ्या. आत्मारामच्या पाठीवर बसून आल्या आणि ओसरीवर उतरल्या.

"सावित्री, तुझी मुलगी दर गुरुवारी माझ्या घरी चहा प्यायली," त्या म्हणाल्या. "तेव्हा तिने विचारलं नाय कुणाच्या घरचं पाणी. माझ्याशी भांडायला घरात कोण नाय. आत्म्या भांडत नाय, तुझी लेक भांडत नाय. चल."

सावित्री तासाभराने चार लुगडी आणि देव घेऊन निघाली. वरच्या घराला कुलूप लागलं नाही. नम्रता रोज वाचनालयातून येताना तिथे दिवा लावते, कलमांकडे बघते, मग खाली उतरते. खालच्या घरात दोन म्हाताऱ्या सकाळपासून वाद घालतात, आमसुलं किती घालायची इथपासून कुठली नायिका मूर्ख होती इथपर्यंत. गुरुवारचं वाचन चालू आहे, फक्त आता ऐकायला शेजारच्या पाच-सहा बायकाही येऊन बसतात.

यंदा गणपतीला दीपक आला. वरच्या घरात गणपती बसतो, तिथे यावंच लागतं. दीड दिवस राहिला. आत्माराम मखर बांधत होता, आरतीला झांजा वाजवत होता, दीपक त्याच्याकडे न बघता त्याच्या शेजारी उभा राहिला. विसर्जन करून आल्यावर त्याने बॅग उचलली.

नम्रता त्याच्यासोबत रस्त्यापर्यंत गेली. "अक्षयाला पुढच्या वेळी चार दिवस राहू दे," ती म्हणाली. "आणि यांच्याशी बोल. नाही बोललास तरी येत जा. पण मला माहेरपण द्यायला आलास असं समजू नको. घर माझंही आहे."

दीपक बॅगेचा पट्टा चाचपत राहिला. "बघतो," तो म्हणाला.

"बघ," नम्रता म्हणाली, आणि एस.टी. थांबवायला हात वर केला.